नडगीकवच घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इतिहासाच्या पुनर्प्रयोगात रोमन सैन्याच्या विसाव्या लीजनचा (लीजन म्हणजे सैन्याची मोठी तुकडी) साधा शिपाई उभा करायचाय आणि त्यासाठी चकचकीत पितळी नडगीकवचं बघून ठेवलीयस, असं कळवलंस. पैसे भरू नकोस. पहिल्या शतकातल्या ब्रिटनमधला साधा शिपाई सहसा नडग्या उघड्या ठेवूनच लढायचा. पायात तळाला खिळे ठोकलेल्या कालिगा (शिपायांच्या वाद्यांच्या वहाणा), थंडीत लोकरी मोजे नाहीतर पोटरीला गुंडाळलेली पट्टी, बस्स. विंडोलांडा या उत्तर इंग्लंडमधल्या रोमन किल्ल्यात सापडलेल्या एका लाकडी पाटीवर मोजे, दोन जोड वहाणा आणि दोन चड्ड्या पाठवल्याची नोंद आहे. तुझी खरेदीची यादी तिथून सुरू कर.

ऑक्रिया, म्हणजे नडगीकवच, ही त्या काळी सेंचुरियनची, म्हणजे शिपायांच्या तुकडीवरच्या अधिकाऱ्याची, खूण. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरच्या थडग्यावरचा मार्कस फॅवोनियस फॅसिलिस बघ, तुझ्याच विसाव्या लीजनचा. इटलीतल्या व्हेरोनाचा क्विंटस सर्टोरियस फेस्टसही तसाच. दोघांच्या हातात द्राक्षवेलीची छडी आहे, सेंचुरियनच्या हुद्द्याची. छडी नाही आणि ऑक्रिया आहे, म्हणजे हवालदाराच्या वर्दीवर फौजदाराचे तारे!

घालायचीच हौस असेल तर साल बदल. सम्राट ट्राजनच्या डेशियन युद्धांतला (इ.स. १०१ ते १०६) शिपाई कर. रुमेनियातल्या अडामक्लिसीच्या शिल्पपट्टांत साध्या शिपायांच्या हाताला पट्ट्यापट्ट्यांची मॅनिका (बाहुकवच) आणि पायाला ऑक्रिया दिसतात, कारण समोर डेशियनांचं फाल्क्स हे शस्त्र होतं, विळ्यासारखं आतून धारेचं. पण मग मॅनिकाही घ्यावी लागेल, नुसती ऑक्रिया अर्धवट दिसते. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर त्याच युद्धातले शिपाई उघड्या नडग्यांचे आहेत, त्यावरून कुणी वाद घालेलच. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजिशियस तर जुन्या पायदळाबद्दल एकाच, उजव्या पायाचं लोखंडी कवच सांगतो: तलवारीला हात घातला की उजवा पाय पुढे येतो, डावा ढालीआड राहतो.

जर्मनीतल्या स्ट्राउबिंगचे नक्षीदार, गुडघ्याला बिजागरीची वाटी असलेले नमुने घोडेस्वारांच्या कवायतीचे आणि तिसऱ्या शतकातले. पॉम्पेईचे उंच नमुने ग्लॅडिएटरांचे. दोन्ही सुंदर, दोन्ही तुझ्या कामाचे नाहीत.

आता माप. मेरठ-डेहराडूनकडून येणारा तयार माल बहुधा एकाच मापाचा असतो, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा काप. कालिगा आणि लोकरी पट्टी चढवून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप घे. पत्रा पोटरीच्या घेराच्या साठ टक्क्यांपर्यंतच पुरे: घेर ३८ सेंमी असेल तर साधारण २३. मागून उघडंच राहू दे. १ मिमी पोलादी पत्र्यात एका पायाचं वजन पाऊण किलोच्या आत राहतं, १.२ मिमी घेतलास तर दिवसअखेर फरक कळेल.

सगळं बिघडतं ते खालच्या कडेला. कड पावलाच्या वळणापासून दोन बोटं वर थांबली पाहिजे. त्याखाली गेली की प्रत्येक पावलाला ती कालिगाच्या वरच्या वादीवर घासते, आधी वादी झिजते, मग कातडी. ही कड बाहेरच्या बाजूला वळवून मठारून घे, नुसती कानसून भागत नाही. वरच्या कडेसाठी ढालीआड गुडघे टेकून बस; पत्रा मांडीत रुतला तर दोन सेंमी काप.

कवच खाली घसरतं ते घोट्याची वादी सैल म्हणून नव्हे. पोटरी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे वजन तोलते ती गुडघ्याखालची, पोटरीच्या फुगवट्यावरची वादी. ती घट्ट, मधली जरा सैल (चालताना स्नायू फुगतो), खालची नुसती धरून ठेवण्यापुरती. दोन्ही कडांना तीन-तीन कड्या, सेंटीमीटरभर रुंदीची वादी, मागे फुलीसारखी ओवलेली. बकल नको. वादी झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याची घे, क्रोमच्या क्षारांत कमावलेली आधुनिक वादी लगेच ओळखू येते. पितळी कड्यांपाशी चामडं हिरवं पडेल, दर वेळी पुसून ठेव.

अस्तर पत्र्याला चिकटवू नकोस, घामाने आतून गंज धरतो आणि दिसतही नाही. लोकरी पट्टी वेगळी गुंडाळ, धुता येते.

पुठ्ठा पायाला बांधून समोरून आणि बाजूने फोटो पाठव. बघितल्याशिवाय पत्रा कापू नकोस.

तुझा,
अजित