फोटोखाली दोन ओळी जास्त छापा की

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टला जागतिक फोटोग्राफी दिन म्हणून तुम्ही वाचकांचे फोटो पानभर छापलात, पान झकास होतं, खरं एक तक्रार आहे. प्रत्येक फोटोखाली नुसतं नाव आणि गाव. शटरस्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं) किती, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला) किती, उजेड कुठनं येत होता, कायच नाही. १८३९ साली ह्याच तारखेला फ्रान्सात दागेर नावाच्या माणसाची फोटो काढायची पद्धत सगळ्यांसमोर सांगून टाकली म्हणून हा दिवस पाळायचा, आणि आपण मात्र सेटिंग सांगायला काचकूच करायची! नवीन कॅमेरा घेतलेल्या पोरापोरींना असं पान बघून वाटतं, ह्यांच्याकडं भारी लेन्स असणार, आपल्याला काय जमायचं नाही, आणि कॅमेरा परत कपाटात जातो.

आमच्या गल्लीतली पोरं मला पहिलं हेच विचारतात, कुठला कॅमेरा घेऊ. मी म्हणते आहे तोच घे, मोबाईल असला तरी चालतंय, फक्त रोज नवीन जागा शोधत हिंडू नको, एकच जागा धर. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्तीच घ्या. १२०४ सालातलं जैन देऊळ, आत अंधार, कडेनं उजेड. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ काढताना बाहेरचा उजेड जरा जरी फ्रेममध्ये शिरला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि कमळ काळं ठिक्कर पडतं. मग तिथंच उभं राहून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, प्लस एकवर न्यायचं, मोबाईल असेल तर स्क्रीनवर कमळावर बोट ठेवून उजेड वर सरकवायचा, आयएसओ १६०० करायला घाबरायचं नाही, फोटोत थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, आले तर येऊ देत, हललेल्या फोटोपेक्षा दाणेवाला बरा. ह्या एका छतावर जे कळतंय ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही. (किल्ल्यात लष्कराचा भाग पण आहे, मनाईची पाटी दिसली की कॅमेरा खाली, हेही पोरांना सांगावंच लागतं.)

तेच बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात उलटं होतंय. पावसाळ्यात हिरव्यागार भातात बगळा उभा असतो, कॅमेरा सगळा गडद हिरवा बघून फोटो उजळ करायला जातो आणि बगळ्याचं पीसच दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका. तिथं मायनस एक करायचं. आणि राजहंसगडावर धुकं असलं की परत प्लस, नाहीतर धुकं मळकट करडं येतं. कॅमेऱ्याला पांढरं काळं काय कळत नाही, त्याला सगळंच मधल्या करड्या रंगाचं करायचं असतं, एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी भीती माणसांची. गणपत गल्लीत फुलवाल्या मावशींचा फोटो काढायचा तर लांबनं चोरून झूम कशाला? जवळ जावा, आधी हार घ्या, मग विचारा. "अगो केस बी विंचरले नाहीत की माझे" असं म्हणतच पदर सारखा करतात आणि हसतात, तोच फोटो. नको म्हणाल्या तर नको. कन्नड येत असेल तर कन्नडात विचारा, नसेल तर कॅमेऱ्याकडं बोट केलं तरी कळतंय. आणि पुढच्या खेपेला एक छोटी प्रिंट काढून नेऊन द्या, मग बाजूच्या गाड्यावरचे पण हाका मारायला लागतात, ह्या बाजारात तरी माझा अनुभव हाच आहे.

अडतंय ते फोटो बघणाऱ्यांकडनं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की "वा वा" आणि हात जोडलेले दहा इमोजी. त्यानं बरं वाटतं पण शिकायला काय मिळत नाही. "तुझी नजर आधी कुठं गेली" एवढं सांगणारं एक जरी माणूस भेटलं तरी पोरं सुधारतात. सगळ्यांना असं माणूस कुठनं मिळणार, म्हणून हे पत्र.

आता गणपती तोंडावर आलेत, फोटोंचा ढीग येईल तुमच्याकडं. दर रविवारी एकच फोटो छापा, खाली सेटिंग लिहा आणि कुणा जाणकाराकडनं दोन ओळी, काय जमलंय आणि काय कापलं असतं. मंडपातल्या एलईडी लाईटचे पट्टे फोटोत बऱ्याचदा येतात आणि मुलांना वाटतं कॅमेरा बिघडला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असे लाईट बहुतेक सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, शटर १/५०० सेकंदावरनं १/१०० किंवा १/५० ला आणला की बहुतेक वेळा पट्टे जातात, एवढं छापलंत तरी कितीजणांची विसर्जन मिरवणूक वाचेल. जागा कमी पडत असेल तर राशीभविष्यातली कापा, माझी काय हरकत नाही.

आपली,
एक हौशी फोटोवाली
वडगाव, बेळगाव