बाबा, मी त्या रात्रीबद्दल बोलणार आहे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, आणि दोन्ही वेळा तुमचा आवाज ऐकून गप्प बसले. म्हणून लिहितेय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या दिवशी आमच्या इमारतीत आम्ही काही जण मिळून रक्तदाब तपासणी ठेवलीय, सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, ते शिकवणार आहोत, आणि त्याआधी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचंय. ती बोलणारी मी आहे. बाबा, तुम्हाला हार्ट अटॅक आला होता ना, मी त्या रात्रीबद्दल बोलणार आहे. होकार देऊन झालाय.

आजारपणाचा गवगवा तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका गेले. पहाटे छातीत जड वाटलं, तर ‘पित्त असेल’ म्हणून गोळी घेऊन पडून राहिले. तेच वाक्य, बाबा. शब्दन् शब्द तेच. तुम्ही चार तास थांबून वाचलात, ते वाचले नाहीत. त्यांच्या मुलीसमोर बसले होते तेव्हा वाटलं, हे मला माहीत होतं आणि मी शेजारी राहून कधी बोलले नाही. लक्षणांची पत्रकं लोक वाचतात नि विसरतात. एखाद्याच्या घरची रात्र ऐकली की विसरत नाहीत.

मी इतकंच सांगणार आहे की दुखणं सिनेमातल्यासारखं नव्हतं. छातीवर ओझं, जबडा दुखतोय, बनियन घामाने चिंब. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. जितका उशीर, तितका तो जास्त जातो आणि गेलेला परत येत नाही. तुमची चूक होती असं मी म्हणणार नाही, कारण ती नव्हतीच. घरात आपण तिघं होतो आणि तिघांनाही कळलं नाही. आई, तू तर रात्रभर त्यांची पाठ चोळत बसली होतीस.

आणि आई, आता तुझ्याकडे वळते. दादा म्हणाला, जिन्यात मधेच थांबतेस आणि ‘वय झालं’ म्हणतेस. बायकांना, त्यातून मधुमेह असला तर, छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, उगाचच गळून जाणं, एवढंच असू शकतं. मंगळवारची वेळ घेतलीय, दादा न्यायला येईल, ईसीजी काढून घ्यायचा. ‘बघू’ नाही. तुला आवडत नाही म्हणून मी कधी फार बोलत नाही, पण तू स्वतःचं सगळं शेवटी ठेवतेस.

बाबा, गोळ्यांचा डबा दादा दर रविवारी भरून ठेवेल, वारांची नावं मोठ्या अक्षरात लिहिलीत. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. नवीन यंत्र पाठवलंय. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर, आणि मोजताना आईशी बोलायचं नाही. आकडे वहीत लिहा. वरून मीठ घेणं बंद. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चहाचा चमचा. सिगारेट सुटून वर्ष झालं, त्याचं मात्र मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. वर्षभरात हृदयाचा धोका सिगारेट ओढणाऱ्याच्या निम्म्यावर येतो म्हणतात. हे तुम्ही केलंत. तेही सांगू ना तिथे?

आणि पुन्हा तसं काही वाटलं, कितीही थोडं, कितीही अपरात्री, तर आधी रुग्णवाहिका. मला फोन नंतर.

सीपीआर शिकताना बाहुलीच्या छातीवर हात ठेवला आणि पहिल्यांदा दाबवेचना. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. शिकवणारे म्हणाले, मोठ्याने मोजा. मोजायला लागले आणि आठवलं, लहानपणी दुपारी मी तुमच्या छातीवर कान ठेवून पडायची. एक, दोन, तीन करत शंभरपर्यंत मोजायला मी तिथेच शिकले. तुम्ही झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचात, मोजणं चुकू नये म्हणून.

रविवारी फोन करते. तुमचं नाव घेणार नाही, पण तिथे तुम्हाला ओळखणारे आहेत, त्यांना कळेल. ते लपवत नाही. एखादी गोष्ट सांगायला नको वाटत असेल तर सांगा, ती गाळेन. ते चार तास मात्र गाळणार नाही, बाबा.

तुमची,
चिमी