आईचा खोकला आणि आपलं पिल्लू

प्रिय ताई,

फोनवर मागे आई खोकत होती तो आवाज डोक्यातून जातच नाहीये. तू म्हणालीस 2 आठवडे झाले, साधाच आहे, आणि पिल्लू तिच्याच मांडीवर. रागावू नकोस पण उद्याच तिला डॉक्टरकडे ने, डांग्या खोकला आहे का ते विचार, तोवर बाळ तिच्यापासून लांब ठेव. मोठ्या माणसात तो नुसता लांबलेला खोकला वाटतो, आणि तान्ह्या बाळांना बहुतेक वेळा घरातल्याच कुणाकडून लागतो.

मी इथे लहान मुलांच्या वॉर्डला आहे म्हणून जीव तोडून सांगतेय. मध्यंतरी 6 आठवड्यांचं एक बाळ आलं, खोकला जेमतेम, डांग्या खोकल्यात श्वास ओढताना येतो तो हूप असा आवाज तर नाहीच. दूध पिता पिता एकदम गप्प झालं, ओठ निळे, श्वासच थांबलेला, पाठ चोळली तेव्हा कुठे परत घेतला. त्याची आई रडत सांगत होती, नुसती सर्दीच होती हो.

सगळ्यात जास्त धोका पहिल्या 2-3 महिन्यांत, त्यातून लसीचा एकही डोस झालेला नसेल तर. आपलं पिल्लू दिवस भरायच्या आधी आलेलं, वजनही कमी, म्हणून मला जास्तच धास्ती. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असलेल्या बाळांनाही जड जातं. न्यूमोनिया होतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढल्या तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तुंबून हृदयावर ताण येतो, अशा बाळांना वाचवणं खूप कठीण.

तुझी फाईल काढून बघ, सातव्या-आठव्या महिन्यात टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) दिलं होतं की टीडी? टीडीमध्ये डांग्या खोकल्याची लस नसते गं. टीडॅप नसेल झालं तर पिल्लाला तुझ्याकडून फारसं संरक्षण मिळालेलं नाही. म्हणून 6 आठवड्यांचा डोस त्याच दिवशी दे, वजन वाढू दे मग बघू असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस, लवकर जन्मलेल्या बाळाचेही आठवडे जन्मतारखेपासूनच मोजतात. पुढचे 10 आणि 14 आठवड्यांना.

आईला तेच निघालं तर औषध सुरू झाल्यावर 5 दिवस तिने बाळाजवळ यायचं नाही, आणि तुम्हा सगळ्यांनाही गोळ्या लागतील का ते विचार. आईला वाईट वाटेल, माहितीये, तिला हे पत्रच वाचून दाखव.

पिल्लू दूध पिताना थांबलं, निळसर दिसलं, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

तुझीच,
छोटी