पेंचचं पाणी अन् दोन सरकारं

संपादक साहेब, नमस्कार.

नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं, पण नदी येते मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याकडून, अन् तिथे वर चौराईचं धरण झालं तेव्हापासून खालच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं, आपण मात्र नळ कोरडा पडला की मगच ओरडतो. मध्य प्रदेश अन् महाराष्ट्राचा 1964 चा पाणीवाटप करार आहे, तोतलाडोह धरण दोघांचं जॉइंट आहे, मग उन्हाळ्याआधी दोन्हीकडच्या इंजिनिअरनी एकत्र बसून किती पाणी सोडायचं ते ठरवायला काय होते? पेंचचं जंगलही दोन्ही राज्यांत, वाघ काही बॉर्डर पाहून थांबत नाही बाप्पा. धरणाची रोजची लेव्हल अन् पाण्याचा रिपोर्ट एकमेकांना द्या, आम्हालाही मोबाईलवर दिसू द्या.

– एक वाचक, नागपूर