शास्त्रापुरतं विज्ञान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी साताऱ्यात गेली सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, बरेच दिवस मनात होतं ते आज लिहूनच टाकते. आपल्याकडे सायन्सला शब्द तरी किती! शाळेत ते विज्ञान, दहावी झाली की 'सायन्स घेतलं', म्हणजे नीट नाहीतर सीईटीचा क्लास लागला, विषयाची आवड आहे का हे कुणी विचारतच नाही. आणि शास्त्र तर सगळीकडेच आहे, भौतिकशास्त्र, राज्यशास्त्र, पाकशास्त्र, आणि ज्याच्या नावाखाली शेजारच्यांनी चांगला धडधाकट ओटा फोडला ते वास्तुशास्त्र पण. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात तर माउली प्रपंचालाच विज्ञान म्हणतात, म्हणजे शब्द जुनेच आहेत, आपण त्यात नवा अर्थ भरला आणि जुना तसाच राहू दिला.

त्यात मला खटकतो तो 'शास्त्रापुरतं'. पुतण्याच्या लग्नात हळद कुटायला पाच सवाष्णी बसल्या, सासूबाई म्हणाल्या दोन घाव घाला शास्त्रापुरते, बाकी हळद आणलीये विकतची. तिथे ते छानच वाटतं, हौस होते, माझी काहीच तक्रार नाही. पण हाच शब्द प्रयोगशाळेत आलाय त्याचं काय करायचं? प्रॅक्टिकल शास्त्रापुरतं, जर्नल मागच्या वर्षीच्या मुलांचं बघून उतरवलेलं, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आला की प्रदर्शनात बाजारातून आणलेले मॉडेल, त्यात मूल मागे आणि पालकच पुढे.

यंदा आठवीच्या वर्गात पाणी उकळून तापमान घ्यायला लावलं. एका मुलीचा थर्मामीटर साडेसत्त्याण्णववर थांबला, ती बराच वेळ बघत बसली, मग वहीत लिहिलेलं ९७.५ खोडरबरानं खोडून १०० केलं. का गं, तर म्हणे बाई पुस्तकात शंभर आहे. मी तिला परत ९७.५ लिहायला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं की आपण समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास वर राहतो, वर गेलं की हवेचा दाब कमी, साधारण तीनशे मीटरला एक अंश उतरतो, महाबळेश्वरला तर पाणी साडेपंचाण्णवच्या आसपासच उकळेल. वर्गात एकदम शांतता, मग 'बाई, खरंच?' तिचं बरोबर होतं आणि तिनेच ते खोडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उलट जिथे खरंच तपासून बघायला हवं तिथे 'शास्त्र आहे ते' म्हटलं की विषय संपतो. जयंत नारळीकरांनी डॉ. दाभोलकरांच्या बरोबरीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं अशा २०० पत्रिका, कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली ४६ टक्के, नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. विज्ञान म्हणजे हेच ना, की नाव काहीही असो, आधी पडताळून बघायचं.

म्हणून विनंती एवढीच, तुमच्या पुरवणीत उपवास, सण, तोरण, कशाच्याही मागे 'शास्त्रीय कारण' म्हणून जे छापता ते कुणी, कधी, कसं तपासलं ते पण एका ओळीत द्या, आणि नसेल तपासलं तर सरळ 'परंपरा' लिहा, परंपरा हा काही कमीपणाचा शब्द नाही. मुलं पेपर वाचतात, माझ्या वर्गात कात्रणं घेऊन येतात आणि विचारतात बाई हे खरं का. त्या मुलीच्या वहीत अजूनही १०० ची पुसट खूण आणि त्यावर ९७.५ आहे, मी ते पान तसंच ठेवायला सांगितलंय.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा