घर दाखवणाऱ्याला परीक्षा, घर फोडणाऱ्याला मोकळे रान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराचे नूतनीकरण करून देणाऱ्या ठेकेदारांवर आपल्या राज्यात कोणाचाच अंकुश नाही, हे स्वतः पोळल्यावर लक्षात आले, म्हणून हे पत्र.

आमच्या बाथरूममधून खालच्या घराच्या छताला ओल येऊ लागली आणि सोसायटीचे पत्र आले, तेव्हा लिफ्टमध्ये चिकटवलेल्या एका स्टिकरवरचा क्रमांक मी फिरवला. ‘वॉटरप्रूफिंग, टाइल्स, प्लंबिंग, पीओपी, सर्व कामे खात्रीने’ असा मजकूर त्यावर होता. ठेकेदार येऊन पाहून गेला आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘दोन बाथरूम, मटेरियलसह, 1,85,000’ एवढेच लिहून त्याने ते माझ्या हातात ठेवले. हेच आमचे कंत्राट. पहिल्या दिवशी एक लाख आणि जुनी लादी फोडून झाल्यावर साठ हजार रुपये मी मोबाइलवरून दिले. खाते भलत्याच नावाचे होते, हेही तेव्हा खटकले नाही. जुना कोबा पूर्ण न काढता त्यावरच नवी लादी बसवून अकराव्या दिवशी माणसे निघून गेली. महिन्याच्या आत लादी ठोकल्यावर पोकळ वाजू लागली आणि खालच्या घरातला डाग दुप्पट झाला. ठेकेदाराचा फोन बंद लागत होता, कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचे दुकान निघाले आणि पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकून परतावे लागले.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि लादी बसवण्यापूर्वी नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचे तोंड) बंद करून बाथरूममध्ये चार बोटे पाणी भरायचे, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खडूने रेघ मारायची आणि दोन दिवस ते तसेच ठेवून खालच्या घरात जाऊन छत पाहायचे, ही साधी चाचणी मला पुढे एका वयस्कर गवंड्याने सांगितली. तिला पाण्याशिवाय कसलाही खर्च नाही. ती मी मागितली नाही, कारण मागायची असते हेच मला ठाऊक नव्हते.

मी अगदीच डोळे मिटून व्यवहार केला, असेही नाही. कागदपत्रे विचारल्यावर त्याने मला ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीचे प्रमाणपत्र आणि गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीची, पावती दाखवली होती आणि आयुष्यभर कारकुनी केलेल्या मला तो परवानाच वाटला. प्रत्यक्षात उद्यम नोंदणी व्यावसायिकाने स्वतःच दिलेल्या माहितीवर होते आणि महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या व्यावसायिकाने केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. या तिन्हींपैकी एकही कागद त्या माणसाला काम येते की नाही, हे सांगत नाही. तरीही घरोघरी हेच कागद परवाना म्हणून मिरवले जातात.

वास्तविक परवान्याची कल्पना आपल्याला नवी नाही. नवीन वीजजोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, महानगरपालिका प्लंबरना परवाने देतात, सार्वजनिक बांधकाम विभागाचे काम घ्यायचे तर ठेकेदाराला वर्गवारीनुसार नोंदणी करावी लागते आणि 1972 च्या कायद्यामुळे वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसलेल्याला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या राज्य प्राधिकरणाने तर 2023 पासून घरे विकणाऱ्या एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. म्हणजे तासभर फ्लॅट दाखवणाऱ्याने परीक्षा द्यायची आणि त्याच फ्लॅटच्या भिंतींवर घण घालणाऱ्याला मात्र कोणी काहीच विचारायचे नाही, असा हा प्रकार आहे. ज्या कायद्याखाली महारेरा चालते त्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो; मात्र हे संरक्षण विकासकाच्या कामापुरतेच आहे, पुढे आपण बोलावलेल्या ठेकेदाराला ते लागू होत नाही.

प्रश्न केवळ बुडालेल्या पैशांचा असता तर कदाचित मी गप्प बसलो असतो. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 जणांचे प्राण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू असताना खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. कुठली भिंत विटांची आणि कुठला आरसीसी कॉलम, हे गिलाव्याखाली घरमालकाला दिसत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी ज्याच्यावर असायला हवी, त्याची कसलीच नोंद शासनाकडे नसते.

ग्राहक कायदा आहे, असे उत्तर यावर मिळते आणि ते खोटे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीचा ‘सेवा’ म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. परंतु तक्रारीत ‘सामनेवाले’ म्हणून कोणाचे नाव आणि कोणता पत्ता लिहायचा? बंद पडलेला मोबाइल क्रमांक हीच ज्याची ओळख, त्याच्यावर आयोगाची नोटीस बजावणार तरी कशी?

माझी पुतणी कॅलिफोर्नियात असते. तिने स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, तेव्हा ठेकेदाराचा परवाना क्रमांक तिथल्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून तिने आधी खात्री करून घेतली. तिथे जाहिरातीवर परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे, ठेकेदाराला 25,000 डॉलरचा हमीरोखा ठेवावा लागतो आणि घरदुरुस्तीच्या कामाची आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना लागणारे काम विनापरवाना केले, तर त्याच्या पैशासाठी ठेकेदाराला न्यायालयातही जाता येत नाही. माझा एक लाख पहिल्याच दिवशी गेला, हे ऐकून ती काही क्षण बोललीच नाही.

तिथला कायदा जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे नाक्यावर उभा राहणारा गवंडी, एकटाच काम करणारा सुतार आणि रंगारी यांना परवान्याच्या रांगेत उभे केले, तर चिरीमिरीचा नवा धंदा तेवढा सुरू होईल. एका ठरावीक रकमेवरचे, उदाहरणार्थ एक लाखाच्या पुढचे, काम अंगावर घेणाऱ्या ठेकेदारालाच नोंदणी सक्तीची असावी. तिच्यात ओळख आणि पत्त्याची पडताळणी, थोडी अनामत आणि पूर्वीच्या तक्रारींची कोणालाही पाहता येईल अशी नोंद असावी. लेखी करारनाम्याशिवाय किंवा 10 टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेऊन काम सुरू करणे बेकायदा ठरवावे. हे काम महारेराकडे द्यायचे की महानगरपालिकांकडे, हे गृहनिर्माण विभागाने ठरवावे. माझे मत महारेराच्या बाजूने आहे, कारण नोंदणी क्रमांक घालून माहिती पाहण्याची सवय तिने घर घेणाऱ्यांना आधीच लावली आहे.

तोवर सोसायट्यांना एक गोष्ट आजही करता येईल. नूतनीकरणाची परवानगी देताना आमच्या सोसायटीने माझ्याकडून राडारोड्याची अनामत घेतली आणि कामाच्या वेळा लिहून घेतल्या, पण ठेकेदाराचे आधार कार्ड, कायमचा पत्ता आणि पाणी भरून घेतलेल्या चाचणीचा अहवाल यांपैकी काहीच मागितले नाही. परवानगीच्या अर्जात हे तीन रकाने वाढवायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

माझी तक्रार जिल्हा आयोगाकडे दाखल आहे. ठेकेदाराला पाठवलेली नोटीस ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून गेल्या आठवड्यात परत आली.

आपला विश्वासू,
एक सदनिकाधारक, डोंबिवली (पूर्व)