मी फक्त बॅटरी धरली होती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिल्या,

सहा महिन्यांनी पत्र, तेही कागदावर, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला पाकीट बघूनच कळलं असेल. बिनसलंय. पण आधी तब्येत: शुगर बरी, गुडघा तसाच, बीपीची गोळी एकाची दीड झाली. संपलं.

अप्पांच्या दिवसांना मी आलो नाही. तू त्यावरून एक अक्षर बोलला नाहीस आणि मी कारण कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतंच. दवाखाना बंद ठेवायच्या जिवावर आलं, एवढंच. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील.

माझ्या औषधांच्या कपाटावर एक नारळ आहे. तीन आठवडे झाले, फोडला नाही. ही रोज विचारते, मी रोज उद्यावर ढकलतो. तो नारळ कुठून आला ते सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसात, दवाखान्यात नेहमीची जत्रा. एक गवंडी आला, पंचेचाळिशीचा, कंबर धरलेली. गोळ्या लिहून दिल्या तर म्हणाला, "डॉक्टर, सुई मारा की. सुईबिगर उतार पडत न्हाई." या वाक्यापुढे मी पंचवीस-तीस वर्षं हरत आलोय, तुला माहीत आहे. डायक्लोफेनॅक दिलं. पैसे देऊन दारापर्यंत गेला आणि तळहात खाजवत परत आला. मग खोकला. मग "कसंतरीच व्हायलंय, घसा आवळायलाय." ओठ माझ्या डोळ्यांदेखत फुगले. अंगभर गांधी, दरदरून घाम, मनगटाला नाडी लागेना.

तुला निदान करायला किती सेकंद लागले? मलाही तेवढेच लागले रे. अ‍ॅनाफिलॅक्सिस, जीवघेणी अ‍ॅलर्जी. याच विषयावर फायनलला आपल्याला प्रश्न होता आणि तुझ्यापेक्षा मला दोन मार्क जास्त होते, हे मी तुला वर्षभर ऐकवत होतो. पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि मी दिलं अ‍ॅव्हिल. त्यामागून एफकॉर्लिन, स्टेरॉइड. कारण तीस वर्षं कुणाला खाज सुटली की हात त्याच दोन बाटल्यांकडे जातो. अ‍ॅव्हिलनं खाज थांबेल, पडलेलं बीपी वर येणार नाही. आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. तेवढे तास त्याच्याकडे नव्हते. तोवर आमच्या कंपाउंडर तात्यांनी "दम लागलाय त्याला" म्हणून त्याला खुर्चीत ताठ बसवलं आणि पाणी पाजायला घेतलं. ते मी बघत होतो आणि बोललो नाही.

अ‍ॅड्रेनॅलिन होतं. कपाटात, वरच्या फळीवर, 'इमर्जन्सी' असं मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या डब्यात. डब्याला लावलेलं रबर उन्हाळ्यात वितळून झाकणाला चिकटलेलं. नखानं खरवडून काढलं. अँप्यूल हातात घेतली तर मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली. आतलं औषध नितळ होतं, तांबूस झालं नव्हतं. तरी मी ती हातात धरून उभा. हार्टला काही झालं तर? मुदत संपलेली दिली असं कुणी म्हटलं तर? बाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं आत डोकावत होती. शेवटी अर्धी अँप्यूल, मांडीत, पँटवरूनच. मान वर करून घड्याळ पाहिलं. तो दारातून परत वळल्याला सात मिनिटं झाली होती.

मग तीन-चार मिनिटांत नाडी आली. १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स आली. रात्रभर आयसीयूत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. चौथ्या दिवशी बायको आणि पोरगा नारळ, टॉवेल, टोपी घेऊन आले. पोरगं पाया पडलं. "तुमी हुता म्हणून." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दिल्या. ठेवला म्हणजे काय, आपसूक गेला. ह्या कामाला हात बरोबर जातो.

यातलं मी हिलाही नीट सांगितलेलं नाही. आणि त्यात तात्यांनी गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत करून टाकलंय की, "आमच्या डॉक्टरांनी मेलेला माणूस सात मिनटात हुबा केला." सात मिनिटं त्यांनीही मोजली होती. फक्त त्यांच्या गणितात ती माझ्या बाजूला पडली.

पंधरा दिवसांनी इथल्या डॉक्टर मंडळींनी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. जीपी म्हणजे आम्ही फॅमिली डॉक्टर, दातांचे डॉक्टर, आणि प्रत्येकानं आपला कंपाउंडर किंवा सिस्टर बरोबर आणायची. एरवी मी असल्या ठिकाणी जेवणापुरता जातो. यावेळी पहिल्या रांगेत बसलो. शिकवायला तुझ्याच जमातीतली, भूलतज्ज्ञ, विदर्भाकडची मुलगी, आपल्या निम्म्या वयाची. हसायला येईल असं एकच सांगतो. तिनं विचारलं, "पेशंट बेशुद्ध आहे, श्वास नाही, नाडी नाही. काय कराल?" तात्या उठून उभे राहिले. "सीपीआर." "शाबास! कसं ते सांगा." "रिक्षानं, मॅडम. भाऊसिंगजी रोडनं." सगळा हॉल आडवा झाला. तिचं सीपीआर म्हणजे छाती दाबणं, तिला कळेना. छत्रपती प्रमिलाराजेंच्या दवाखान्याला अख्खा जिल्हा सीपीआर म्हणतो हे तिला कोण सांगणार! नंतर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तुमच्या गावात 'सीपीआर सुरू करा' असं ओरडलं की लोक पेशंट उचलून पळणार. हसता हसता सगळे गप्प झाले, कारण ते खरंच आहे. आम्ही मग तिथेच ठरवलं, ओरडायचं तर 'छाती दाबा' असं ओरडायचं.

दाबायची कशी ते तुला सांगायला नको. पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. मी तालमीतला माणूस, जोर-बैठका मारलेला. दीड मिनिटात तोंडाला फेस. पुतळ्याच्या यंत्रात माझा वेग एकशे चाळीस आणि खोली निम्मी. "सर, मालिश नको, दाबा," ती म्हणाली. आणि तात्या? तात्या खासबागेत कुस्तीला हलगी वाजवतात, विसरलास काय? पहिल्या दमात एकशे दहा. दोन मिनिटं हिरवा दिवा हलला नाही. तेव्हापासून दवाखान्यात मी 'अहो तात्या' म्हणतो आणि ते मला 'बोला' म्हणतात.

चहाच्या वेळी ती त्या पुतळ्याचं सांगत होती. १९६० साली नॉर्वेत लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं तो केला, आणि चेहरा घेतला पॅरिसच्या नदीत सापडली म्हणतात त्या अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. मी जेवताना हे हिला सांगितलं तर म्हणाली, "मेलेलीला काय कमी ताप होता, आता जगभर छातीवर बसतात."

दुसरा दिवस माझा कडेलोट. तोंडी प्रश्न नाहीत, नुसती नाटकं. एकानं पेशंट व्हायचं, एकानं पायाशी उभं राहून हुकूम द्यायचे आणि स्वतः कशाला हात लावायचा नाही, एकानं हुकूम मोठ्यानं परत म्हणून मगच करायचा, एकानं वेळ लिहायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिलाच खेळ अ‍ॅनाफिलॅक्सिसचा. तिनं एकेक करून सांगितलं आणि मी मनात बोटं मोजत बसलो. अ‍ॅव्हिल आधी: केलं. उठवून बसवणं: केलं. बीपी पडलेल्याला झटकन बसवलं तर हृदयाकडे येणारं रक्तच आटतं, माणूस त्या खुर्चीतच जाऊ शकतो. आडवं करून पाय वर. औषध कुठंय ते शोधणं: केलं. पाच मिनिटांनी दुसरा डोस तयार नसणं: तेही केलं, दुसरी अँप्यूलच नव्हती. ती रागावत नव्हती. म्हणाली, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण ठाऊक असलेलं हातात उतरायला तालीम लागते. प्रशिक्षणाच्या कार्डावर दोन वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी हात काही महिन्यांतच विसरतो. आपल्या वेळी कुणी हे बोललं नाही रे. आपल्याला 'ड्रग ऑफ चॉइस' शिकवलं, डब्याचं रबर कुणी शिकवलं नाही. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं सबब म्हणूनही.

आता खरा घोटाळा. समारोपाला संयोजक उठले आणि माझं नाव घेतलं. तात्यांची बातमी तिथवर गेली होती. पुढच्या तुकडीत, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मी 'माझा अनुभव' सांगायचा. फेटा बांधणार आहेत. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

आणि हात जोडलेले असताना मला तो पीएचसी दिसला, ते प्राथमिक आरोग्य केंद्र.

तुला सगळं आठवत असेल, पण मला कसं आठवतं ते ऐक. ऊसतोड्यांचं पोर, अकरा-बारा वर्षांचं, पायाला नाग. साहेब गावाला. लाइट गेलेली. सर्पविषाची लस सलाइनमधून लावली आणि दहाव्या मिनिटाला पोर सुजायला लागलं, घरघर. सिस्टर म्हणाली साहेबांना विचारल्याशिवाय नको. तू काही न बोलता पाव अँप्यूल काढून मांडीत दिलीस. मी बॅटरी धरली होती. तीही हलत होती, तू "नीट धर की भ*व्या" म्हणालास. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं कुणी केलं, तर तू म्हणालास, "आम्ही दोघांनी."

त्यावरून मी तुझ्याशी भांडलो. मला कळेना मी का भांडतोय. तुला वाटलं, श्रेय वाटून घ्यावं लागलं म्हणून तूच कुजकटपणे तसं म्हणालास असं मला वाटतंय. तसं नव्हतं. मग पुढे तू 'जीपी म्हणजे सर्दी-खोकला' म्हणालास आणि आठ महिने आपण बोललो नाही. लोक समजतात भांडण त्याचं होतं. भांडण त्या 'दोघांनी'चं होतं. त्या सकाळी तू मला एक नारळ दिलास आणि मी तो इतकी वर्षं कपाटावर ठेवलाय. आता दुसरा आला.

सांगावं तर काय होईल ते मी रोज मोजतो. गवंड्याच्या पोरापर्यंत जाईल. कोर्टकचेरी होईल किंवा होणार नाही. मंगळवार पेठेतले चार पेशंट कमी होतील, दुसरीकडे जाऊन त्याच अ‍ॅव्हिलखाली झोपतील. न सांगावं तर हॉलमध्ये बसलेले चाळीस जण माझ्याकडून शिकतील की सात मिनिटं म्हणजे शौर्य. आणि त्यांच्या कपाटांत काय आहे ते मला माहीत आहे, कारण चहाला मी तिघांना सहज विचारलं. दोघांनी विषय बदलला.

त्या मुलीनं एक गोष्ट सांगितली होती. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नेब्रास्कात स्टायनर म्हणून हाडांचा सर्जन स्वतःचं छोटं विमान चालवत बायकापोरांना घेऊन निघाला आणि शेतात कोसळला. बायको गेली. चार पोरांतली तीन गंभीर. रस्त्यावर गाडी थांबवून जवळच्या छोट्या इस्पितळात पोचला तर तिथे आधी काय करायचं त्याचाच पत्ता नाही. त्यानं ते बोलून दाखवलं, आणि १९७८ ला एटीएलएसचा, म्हणजे गंभीर जखमींना आधी काय करायचं त्याचा, पहिला कोर्स झाला. ऐकून मी क्षणभर फुगलो, म्हटलं आपणही बोलू. मग लक्षात आलं, तो दुसऱ्यांचं चुकलेलं सांगत होता. आपलं सांगायला कोण कोर्स काढतो?

बरं, तुझं. वहिनींच्या आईंचा खुबा बसवला का? धाकटीचं इंटरव्ह्यूचं काय झालं? नवीन ऑपरेशन थिएटरात एसी लागला का अजून तू पंखा पुसतोस? सगळं सविस्तर लिही, मी वाचतो, उत्तर देत नाही एवढंच.

दवाखान्यात आता भिंतीला पारदर्शक डबा ठोकलाय. तीन अँप्यूल, सिरिंज चिकटपट्टीनं त्यांनाच लावलेल्या, वर डोस मोठ्या अक्षरात. मुदतीची तारीख तात्या दर सोमवारी मोठ्यानं वाचतात, पेशंट बसलेले असताना. एका म्हातारीनं परवा विचारलं, पंचांग वाचालाय काय.

मला तुझा सल्ला नको. तू 'बोल' म्हणणार हे मला माहीत आहे, तुला बोलायला काय जातं, तुझे पेशंट झोपलेले असतात. मला एवढंच कळव की त्या सकाळी तू 'दोघांनी' का म्हणालास. दुसऱ्या रविवारच्या आत कळव. आणि फोन करू नकोस, फोनवर मी विनोद करतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. त्या पोराला कुठल्या मांडीत दिलंस, डाव्या की उजव्या? मला उजवी दिसते, पण मी ज्या बाजूला उभा होतो तिथून बॅटरीचा उजेड डाव्या मांडीवर पडायला हवा. आणि माझा स्टेथो १९९४ पासून तुझ्याकडे आहे.